गाणे कोणाचे?

गाणी ऐकायला कोणाला आवडत नाही? पूर्वी त्यासाठी तबकडी किंवा कॅसेट विकत आणावी लागे. आता मोबाइलला बोट लावले की हवे ते गाणे वाजते. पण हे गाणे कोणाचे, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

सुतार खुर्ची करतो आणि विकतो. पैसे मिळाले, व्यवहार संपला. गाण्याचे तसे नाही. गीतकार शब्द लिहितो, संगीतकार चाल लावतो, गायक गातो. मग ते गाणे एकाच वेळी हजारो घरांत वाजते आणि तरीही संपत नाही. म्हणूनच आपल्या देशात १९५७ साली कॉपीराइट कायदा झाला. कॉपीराइट म्हणजे निर्मितीवरचा हक्क. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूतला ‘हक’ तोच मराठीतला ‘हक्क’. गीतावरचा हा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो.

चित्रपटगीतांच्या बाबतीत मात्र एक अडचण होती. निर्मात्याने पैसे देऊन गीत करून घेतले आणि वेगळा करार नसला, तर गीताचा पहिला मालक निर्माताच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. गीतकाराला एकदाच रक्कम मिळे. पुढे मोबाइल आणि इंटरनेट आले. त्याच गाण्याची रिंगटोन झाली. करार करताना कोणाच्या स्वप्नातही नव्हते, अशा वाटांनी पैसा येऊ लागला. पण गीतकाराचा हात रिकामाच राहिला.

गीतकार जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते. त्यांनी हा प्रश्न संसदेत मांडला. २०१२ साली कायद्यात सुधारणा झाली. आता गीताचे हक्क निर्मात्याला दिले, तरी चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापराच्या मानधनात गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा राहतो. “मी माझा वाटा सोडला,” असे निर्मात्याने लिहून घेतले, तरी कायदा ते मानत नाही. असे का? पोटाची चिंता असलेला नवा कवी कोणत्याही कागदावर सही करतो. कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो.

मग शाळेत गाणे गायचे नाही का? जरूर गा! शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर स्नेहसंमेलनात गायलात, तर कायदा तुम्हांला अडवत नाही. पण चोरून उतरवलेल्या गाण्यातून कोणाचाही वाटा पोहोचत नाही, हे लक्षात ठेवा. आणि गाण्यापूर्वी गीतकाराचे व संगीतकाराचे नाव आवर्जून सांगा. तोही त्यांचा हक्कच आहे.

स्वाध्याय
१. खुर्ची आणि गाणे यांत कोणता फरक आहे?
२. २०१२ च्या सुधारणेमुळे गीतकाराला काय मिळाले?
३. तुमच्या आवडत्या गाण्याचे गीतकार व संगीतकार कोण, ते शोधून लिहा.