पाणबुड्याचें संकटसूचक यंत्र

नाणेघाटाच्या पायथ्याशीं वसलेल्या आमच्या वैशाखरे गांवास समुद्राचें सान्निध्य नाहीं. तथापि विहिरीचा तळ गांठणाऱ्या मुलास कानांवर येणारा पाण्याचा दाब ठाऊक असतो. हा दाब दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका वाढतो.

मालवण-तारकर्ली येथें स्कूबाच्या साहाय्यानें प्रवाळ पाहण्यास बुडी मारितात. वर येणारा पाणबुड्या प्रवाहाच्या ओढीनें नावेपासून दूर गेला, तर लाटांमध्यें त्याचें मस्तक नावाड्यास दिसत नाहीं. अशा वेळीं खिशांत मावणारें संकटसूचक यंत्र, म्हणजे बीकन, उपयोगी पडतें. तें ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांस हाक घालतें. भारतांत ती हाक बंगळूरच्या केंद्राकडे पोंचते. या पद्धतीनें पहिली सुटका १९८२ सालीं कॅनडांत झाली.

मेख अशी कीं, पावसापाण्यास टिकणारें हें यंत्र खोल पाण्याच्या दाबास बहुधा टिकत नाहीं. म्हणून तें दाब सोसणाऱ्या डबींत ठेवावें लागतें. झांकणाच्या रबरी कड्यावर एक केस वा वाळूचा कण राहिला तरी पाणी आंत शिरतें. नवी डबी प्रथम रिकामी बुडवून पाहावी, असें आमचें मत आहे. ती जाकिटास घट्ट बांधावी, लोंबती ठेवूं नये.

खारें पाणी बिनतारी लहरी गिळून टाकतें. यास्तव वर येऊन, जाकीट फुगवून, मगच डबी उघडावी. यंत्राची दोरी मनगटास अडकवावी आणि अँटेना आकाशाकडे उभी धरावी. बॅटरी किमान २४ तास पुरते. यंत्राची नोंदणी मात्र आधींच केलेली असावी. नाहीं तर हाक ऐकूनही कोणाच्या घरीं चौकशी करावी, हें केंद्रास उमगत नाहीं.