वस्तीच्या शेताची निगा : ट्रॅक्टर, बांध आणि घरची औजारे

सोलापूर जिल्ह्यात गावापासून दूर, आपल्या शेतातच घर बांधून राहण्याची चाल जुनी आहे. असे घर व त्याभोवतालचे शेत यांस 'वस्ती' म्हणतात. घर, गोठा, विहीर, कडब्याची गंज, पाणंद, बांध, सांडवा आणि कुंपण ही वस्तीची अंगे होत. त्यांपैकी एकाकडे दुर्लक्ष झाले तर त्याची झळ इतरांस लागल्यावाचून राहत नाही. पूर्वी ही सर्व निगा बैलजोडीच्या व माणसांच्या बळावर राखली जाई. आता ट्रॅक्टर स्वतःचा नसला तरी भाड्याने मिळतो. तथापि ट्रॅक्टर आला म्हणजे शेताची निगा आपोआप राहते, असे नाही. बांध कोरण्याची खोड जुनीच आहे. परंतु बैलाच्या औताने ज्या कामास अनेक वर्षे लागत, ते ट्रॅक्टरचा नांगर थोड्या हंगामांत उरकतो. म्हणून ट्रॅक्टरने बांधाचे जे नेले, ते ट्रॅक्टरनेच दरवर्षी परत द्यावे, हा या धड्याचा मुख्य मुद्दा आहे.

१. बांधाचे मोल

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. येथे पाऊस कमी आणि बेभरवशाचा. त्यातही मोठा वाटा सप्टेंबरात, थोड्या दिवसांच्या जोरदार सरींनी पडतो. एक हेक्टर जमिनीवर १ मि.मी. पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. एका रात्रीत ५० मि.मी. पाऊस झाल्यास हेक्टरी ५ लाख लिटर पाणी शेतावर येते. हे पाणी जमिनीत मुरले तर रब्बी ज्वारीची शिदोरी होते. वाहून गेले तर सोबत माती नेते. एका हेक्टरावरील केवळ १ मि.मी. जाडीचा मातीचा थर म्हणजे सुमारे १२ टन माती, अर्थात तीन टनांच्या ट्रॉलीच्या चार खेपा. ही माती विकत आणून भरू म्हटल्यास किती खर्च येईल, याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने एकदा करून पाहावा.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास १९२३ साली पुण्याजवळील मांजरी येथे सुरू झाला, आणि १९३३ पासून सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन होऊ लागले. डॉ. ना. वि. कानिटकर यांच्या नेतृत्वाखालील या कामातून मुंबई कोरडवाहू पद्धत तयार झाली. बांधबंदिस्ती, ठराविक वर्षांनी खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणे, दोन ओळींत अधिक अंतर आणि वारंवार कुळवणी व कोळपणी ही तिची अंगे होत. बांधबंदिस्ती सर्वांत आधी, हे लक्षात घ्यावे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमानंतर, आणि पुन्हा १९७२ च्या दुष्काळात, बांधबंदिस्तीची मोठी कामे झाली. परंतु बांध एकदा घातला की कायमचा झाला, ही समजूत चुकीची आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तसा तिचा बांधही भेगाळतो. पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्या भेगांत शिरते आणि बांध फुटतो. वरचा बांध फुटला की त्याचे पाणी खालच्या बांधावर येते, आणि मग एकाच्या दुर्लक्षाची भरपाई खालच्या शेजाऱ्यांस करावी लागते.

२. वाफसा ओळखणे

ट्रॅक्टर शेतात केव्हा घालावा, हे किती अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे याहून महत्त्वाचे आहे. ओल्या काळ्या जमिनीवरून जड चाक गेले म्हणजे खालची माती दाबली जाते, पाणी मुरत नाही आणि पिकाच्या मुळांस वाट मिळत नाही. वरून नांगरट झाल्याने हे नुकसान डोळ्यांस दिसत नाही.

त्यासाठी नांगर जितका खोल जाणार तितक्या खोलीवरची मूठभर माती काढून तिचा गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून टाकावा. गोळा पडून फुटला तर वाफसा आला असे समजावे. गोळा चेपला पण फुटला नाही, अथवा माती बोटांस चिकटली, तर ट्रॅक्टर वस्तीवरच उभा ठेवावा. भाड्याचा ट्रॅक्टर दारी आला आहे म्हणून ओल्या रानात घालणे म्हणजे पैसे देऊन जमीन बिघडविणे होय.

३. घरी तयार होणारी औजारे

हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली तीन सांध्यांची उचल जोडणी १९३६ साली त्यांच्या ट्रॅक्टरबरोबर बाजारात आली. आज बहुतेक ट्रॅक्टरांस ती असते. तीन ठिकाणी जोडून द्रवदाबाने उचलता येणारे कोणतेही भक्कम औजार तिला लावता येते. त्यामुळे गावच्या सुतार-लोहाराकडून पुढील औजारे करून घेता येतात.

(अ) ओळंब्याची चौकट : दोन-दोन मीटरांच्या दोन काठ्या वर बांधून, मध्ये आडवी पट्टी ठोकावी व शेंड्यापासून ओळंबा सोडावा. चौकट उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुंट्या रोवाव्या आणि पट्टीवर दोरीची खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य ही समपातळीची खूण होय. या चौकटीने बांधाचा खचलेला भाग आणि सांड्याची उंची तपासता येते. ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.

(आ) फळी : सुमारे दोन मीटर लांबीची बाभळीची जाड तुळई घेऊन तिच्या खालच्या कडेस लोखंडी पट्टी बसवावी. नांगरटीनंतरची ढेकळे फोडण्यास व पाणंदीवरील चाकोऱ्या बुजविण्यास ही उपयोगी पडते. पाणंदीवर फळी नेहमी कडेकडून मध्याकडे ओढावी, म्हणजे मध्यभाग उंच राहून पाणी दोन्ही बाजूंस निघून जाते.

(इ) केणी : बैलांनी ओढावयाची केणी जुन्या शेतकऱ्यांस परिचित आहे. तीच अधिक रुंद व जाड पत्र्याची करून ट्रॅक्टरच्या उचल जोडणीस लावता येते. बांधाच्या वरच्या अंगास साचलेली माती खरवडून हलविण्यास ती सोयीची असते.

(ई) सारा : पुढे रुंद व मागे निमुळत्या होणाऱ्या दोन उभ्या फळ्या मोगड्याच्या चौकटीस बसविल्या म्हणजे माती गोळा होऊन मागे वरंबा पडतो. रब्बीच्या रानात जुलैमध्ये, वाफसा पाहून, आधी आडवे व मग उभे वरंबे घातल्यास उतारानुसार ६ ते १० मीटर चौरसाचे वाफे तयार होतात. पडेल तो पाऊस त्याच वाफ्यात मुरतो.

४. बांधाची दुरुस्ती

प्रथम चौकटीने बांधाची माथापातळी पाहून खचलेल्या जागी खुंट्या माराव्या. भेगा खणून मोकळ्या कराव्या व थोडी ओली माती ठोकून भराव्या. वरून सैल माती टाकल्याने भेग झाकली जाते, बुजत नाही. भरावाची माती बांधाच्या पायथ्याशी खड्डा करून घेऊ नये. वरच्या अंगास साचलेला थर, पायापासून अंतर राखून, केणीने पातळ पातळ खरवडून घ्यावा. सैल माती पुढे बसते, म्हणून भराव उंचीच्या निदान दहाव्या हिश्श्याने अधिक ठेवावा.

सांडवा हा बांधाचा प्राण आहे. त्याचा माथा बांधाच्या माथ्यापेक्षा स्पष्टपणे खाली असावा आणि तळास दगडी पिचिंग असावे. बांधावर मारवेल गवताची ठोंबे लावावी. त्यांच्या मुळांनी माती धरली जाते आणि जनावरांस वैरण मिळते. हरळीही माती धरते, पण ती शेतात पसरते.

ट्रॅक्टर बांधावरून वाटेल तेथून नेऊ नये. एकच जागा ठरवून तेथे दोन्ही बाजूंस मुरूम व दगडांची मंद उतरण करावी. नांगरट उताराला आडवी करावी आणि बांधालगत मीटरभर पट्टी न नांगरता सोडावी. ही पट्टी वाया जाते असे काहींस वाटते. वस्तुतः तिच्यामुळेच बांध उभा राहतो आणि शेजाऱ्याशी तंटाही टळतो.

५. चाकाची घसर आणि यंत्राची निगा

डिझेल कोठे जाते, हे खडूच्या एका खुणेने कळते. मागच्या चाकावर खूण करून औजार उचललेल्या स्थितीत चाकाचे १० फेरे होईपर्यंतचे अंतर मोजावे. मग औजार जमिनीत घालून पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजावे. समजा, पहिले ४० मीटर व दुसरे ३४ मीटर आले, तर घसर १५ टक्के झाली. याहून अधिक घसर असल्यास खोली कमी करावी, किंवा ओल अधिक आहे असे समजून थांबावे. अन्यथा टायर व डिझेल दोन्ही झिजतात.

सोलापूरच्या धुळीत हवागाळणीकडे रोज लक्ष द्यावे. इंजिनातील तेल व रेडिएटरमधील पाणी काम सुरू करण्यापूर्वी पाहावे. तेल बदलण्याचे तास उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे पाळावे व त्यांची नोंद वहीत करावी.

६. जिवाची काळजी

बांध दुरुस्त होतो, यंत्र दुरुस्त होते. मनुष्य परत येत नाही. ओंडका किंवा अडकलेले वाहन ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावावी. आसाला अथवा वरच्या सांध्याला लावल्यास पुढची चाके उचलून ट्रॅक्टर क्षणात मागे उलटतो. बांधाच्या कडेवर आणि कठडा नसलेल्या विहिरीजवळ वळण घेऊ नये. मडगार्डवर मुलांस बसवू नये.

मळणी यंत्रास किंवा पंपास गती देणाऱ्या फिरत्या दांड्यावर आवरण असलेच पाहिजे. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा उपरणे त्यात सापडल्यास ओढून काढण्यास वेळ मिळत नाही. आवरण तुटले असल्यास ते बदलेपर्यंत काम बंद ठेवावे. घरच्या औजारांत ही एकच गोष्ट अशी आहे की, जिच्यात जुगाड चालत नाही.

७. वर्षाचा क्रम

फेब्रुवारी-मार्च : ज्वारीची काढणी झाल्यावर नांगरट, बांधांची पाहणी व खुंट्या.
एप्रिल-मे : बांध, सांडवा व पाणंद यांची दुरुस्ती; औजारांची डागडुजी.
जून : पहिल्या पावसानंतर बांधावरून फेरी, गवताची लागवड.
जुलै : सारा घालून वाफे.
ऑगस्ट : फुटलेल्या वरंब्यांची कुदळ-फावड्याने दुरुस्ती.
सप्टेंबर-ऑक्टोबर : वाफशावर रब्बी ज्वारीची पेरणी. मध्यम ते खोल जमिनीत मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात आजही अनेकांच्या पसंतीची आहे.
नोव्हेंबर-जानेवारी : कोळपणी; कुंपण व गोठ्याची कामे.

कार्यकर्त्यांसाठी सूचना व प्रश्न

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा धडा सभेत नुसता वाचून दाखवू नये. एखाद्या वस्तीवर पाच-सहा शेतकऱ्यांस एकत्र करून चौकट तयार करवावी, मातीचा गोळा टाकून दाखवावा आणि पुढील प्रश्न विचारावे :

(१) या शेतातील सर्वांत खचलेला बांध कोणता, आणि तो फुटल्यास पाणी कोणाच्या शेतात जाईल?
(२) सांड्याचा माथा बांधाच्या माथ्यापेक्षा किती खाली आहे?
(३) गेल्या वर्षी नांगर बांधाच्या किती जवळून गेला?
(४) फिरत्या दांड्यावर आवरण आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास शेतकरी ज्या दिवशी बांधावरून स्वतः चालत जाईल, त्या दिवशी निम्मे काम झाले असे समजावे. उरलेले निम्मे मृगापूर्वी ट्रॅक्टरकडून करून घ्यावयाचे आहे.