रुळांची लहान सृष्टी

खेळण्यातील आगगाडी म्हटली की वडीलधाऱ्यांच्या ओठांवर एक क्षमाशील हसू उमटते. चावी दिली की गोल फिरणारी आणि चावी संपली की थांबणारी टिनपत्र्याची गाडी त्यांच्या डोळ्यांपुढे असते. तिच्याविषयी आमची काही तक्रार नाही; पण या लेखाचा विषय ती नव्हे. खेळणे आणि प्रतिकृती या दोन वस्तूंत मूलतः भेद आहे. खेळणे आगगाडीची केवळ आठवण करून देते, तर प्रतिकृती मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान करून दाखवते. अशा प्रतिकृतींचे रुळमार्ग उभारून ते लोकांना दाखविणारी मंडळे आज जगभर आहेत. या छंदाच्या पोटात गणित, वीजशास्त्र, सुतारकाम आणि शेजारधर्म ही सारी कशी सामावलेली आहेत, हे विद्यार्थी मित्रांपुढे मांडावे असा आमचा हेतू आहे.

मराठी मुलखात या छंदाचे सर्वांत मोठे घर पुण्यास आहे. कोथरूड भागात, थोर कथाकार जी. ए. कुलकर्णी यांचे नाव दिलेल्या रस्त्यावर, जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी या गृहस्थांनी लहानपणापासूनचा आपला आगगाडीचा नाद उतारवयापर्यंत टिकविला. प्रारंभी त्यांचा रुळमार्ग फिरता होता. एखाद्या ठिकाणी तो मांडावयाचा, लोकांना दाखवावयाचा आणि पुन्हा उकलून पेट्यांत भरावयाचा, असा क्रम असे. ज्यांनी शाळेच्या संमेलनात नेपथ्य उभारले आहे त्यांना हे काम किती जिकिरीचे असते ते सांगावयास नको. प्रत्येक मांडामांडीत काहीतरी मोडते, एखादी तार निखळते, एखाद्या इंजिनाचे चाक वाकते. अखेर कायमची जागा हवी असे ठरले आणि १९९८ साली संग्रहालय लोकांस खुले झाले. तेथे एका प्रशस्त पटावर अवघे शहर वसविले आहे. वाफेच्या इंजिनाची गाडी, विजेवरची गाडी, डोंगर चढणारी गाडी, रज्जुमार्ग, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, साठाहून अधिक सिग्नल असा सगळा संसार तेथे आहे. दिवे मंदावून रात्रीचा देखावा दाखवितात, तेव्हा मुलांपेक्षा त्यांचे आजोबाच अधिक पुढे वाकून पाहतात. भाऊसाहेब आज हयात नाहीत. त्यांच्या पश्चात कुटुंबीयांनी हे काम चालू ठेवले आहे, याचे आम्हास विशेष वाटते. छंद हा बहुधा छंदिष्टाबरोबर माळ्यावर जातो.

आता मापांकडे वळू. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण ‘एच-ओ’ या नावाने ओळखले जाते. त्यात मूळची ८७ मापे प्रतिकृतीत एक होतात. युरोपातील रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर आहे. त्यास ८७ ने भागले म्हणजे सुमारे साडेसोळा मिलिमीटर येतात आणि या प्रमाणाचे तयार रूळ तेवढ्याच रुंदीचे असतात. परंतु आपल्या देशातील ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची आहे. तिला ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणजे आपले इंजिन हुबेहूब केले, तरी बाजारच्या रुळांवर ठेवताना त्याची चाके पावणेतीन मिलिमीटर आत ओढून घ्यावी लागतात. बहुतेक छंदिष्ट ही तडजोड निमूटपणे पत्करतात. काही काटेकोर लोक मात्र स्वतःच रूळ ठोकतात. आमची सहानुभूती या दुसऱ्या पक्षास आहे, वेळ मात्र आम्हाजवळ पहिल्या पक्षाइतकाच आहे.

याच भागाकाराने आणखी गमती निघतात. आपल्या जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा बफरांसह सुमारे २२.३ मीटर लांब असतो. प्रतिकृतीत तो साडेपंचवीस सेंटिमीटरांचा होतो. चोवीस डब्यांची गाडी जोडली तर सहा मीटरांहून लांब भरेल, म्हणजे वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ती नुसती उभी राहील, धावण्यास जागा उरणार नाही. म्हणून प्रदर्शनात पाच-सहा डब्यांवरच भागवितात. वळणांची अडचण याहून मोठी. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मीटरांखाली नेत नाहीत. तिचे ८७ व्या हिश्शाने दोन मीटर होतात, आणि वर्तुळ पुरे करावयाचे तर चार मीटर रुंद पट हवा. घरगुती पटावर ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे रूळ वापरतात. मूळ मापात ते अवघ्या ३१ मीटरांचे वळण झाले. अशा वळणावर खरी गाडी नेणारा चालक पुढच्या स्थानकावर पोहोचावयाचा नाही.

वजनाचा हिशोब मात्र पुष्कळांना चकवितो. लांबी ८७ पट कमी केली तर वजन ८७ पट कमी होत नाही. लांबी, रुंदी व उंची तिन्ही घटतात, म्हणून ते ८७ चा घन, म्हणजे ६,५८,५०३ पटींनी घटते. आपल्याकडे दीर्घकाळ राबलेले डब्ल्यूडीएम-२ जातीचे डिझेल इंजिन सुमारे ११२ टनांचे होते. या हिशोबाने त्याची प्रतिकृती १७० ग्रॅमची भरेल. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके रुळांवर नुसती घसरतात, डबे ओढले जात नाहीत. म्हणून कारागीर इंजिनाच्या पोटात शिशाचे अथवा अन्य धातूचे तुकडे बसवितात. वेगही प्रमाणातच हवा. ताशी ८७ किलोमीटर धावणारी गाडी पटावर ताशी एक किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे २८ सेंटिमीटर चालली पाहिजे. नवशिका हाताची कळ पुरती फिरवितो आणि गाडी विमानासारखी सोडतो. जाणत्याची परीक्षा गाडी हळू चालविण्यात असते.

चढणीचे गणित शिकण्यास आपला बोरघाट पुरेसा आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या त्या मार्गावरची कठीण चढण ३७ त एक अशी आहे. पटावर एका रुळावरून दुसरा रूळ न्यावयाचा तर खालच्या गाडीसाठी सुमारे साडेसात सेंटिमीटर उंची लागते. ती बोरघाटाच्या चढणीने गाठावयाची तर पावणेतीन मीटरांहून अधिक अंतर खर्ची पडते. ज्यांनी हे कागदावर आधी मांडले नाही, त्यांचा पूल भिंतीत जाऊन थांबतो.

विजेची योजना सुबोध आहे. बहुतेक प्रतिकृती १२ व्होल्ट एकदिश विजेवर चालतात. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकांतून प्रवाह मोटारीत जातो. दोन्ही चाके एकाच धातूच्या आसावर असती तर मंडल तेथेच जुळून ठिणगी उडाली असती, म्हणून एका बाजूचे चाक आसापासून अलग ठेवतात. प्रवाहाची दिशा उलटविली की गाडी मागे येते. १२ व्होल्टचा धक्का जाणवतही नाही. परंतु भिंतीतील २३० व्होल्टपासून तो उतरविणारे यंत्र विद्यार्थ्यांनी स्वतः उघडू नये, ते काम जाणकाराकडे सोपवावे.

एकाच मार्गावर दोन गाड्या आल्या म्हणजे सिग्नलशास्त्राचा आरंभ होतो. खऱ्या रेल्वेत मार्गाचे खंड पाडलेले असतात आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी हा नियम असतो. एकेरी मार्गावर पूर्वी चालकास लोखंडी गोळा दिला जाई. तो वेताच्या कड्यास बांधलेल्या पिशवीत असे, आणि धावत्या गाडीतून चालक ते कडे हातात झेलीत असे. गोळा हाती नाही तर पुढे जाण्याची परवानगी नाही. प्रतिकृतीत रूळ ठिकठिकाणी कापून, मध्ये विद्युत्‌रोधक तुकडा घालून, प्रत्येक खंडास वेगळी कळ देतात. दोन मुले दोन स्थानकांवर बसवावी, मध्ये एकच रूळ ठेवावा आणि गोळ्याऐवजी लाकडी गोटी द्यावी. मग रेल्वेचे अपघात कसे टळतात हे अर्ध्या तासात उमगते. आमच्या मते या विषयावरील दहा व्याख्यानांपेक्षा हा खेळ श्रेष्ठ आहे.

हा छंद एकट्याने करता येतो, पण खरी शोभा मंडळात आहे. लंडन येथे १९१० साली अशा छंदिष्टांचे मंडळ स्थापन झाले. अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना १९३५ ची. जर्मनीतील हँबुर्ग येथे ब्राऊन बंधूंनी २००१ साली उघडलेले लघुविश्व तर आज त्या शहराचे भूषण मानले जाते. मंडळांची प्रदर्शने पाहण्याजोगी असतात आणि त्यांमागची रीत त्याहून. प्रत्येक सभासद आपल्या घरी एक ठराविक लांबीचे मेज बनवितो. त्यावर तो शेत करो, बाजार करो की डोंगर करो. अट एवढीच की मेजाच्या दोन्ही टोकांशी रूळ ठरलेल्या उंचीवर व ठरलेल्या अंतरावर यावेत. प्रदर्शनाच्या दिवशी सर्व मेजे जोडली जातात आणि पंचवीस घरांतले तुकडे मिळून एक मार्ग तयार होतो. गोपाळकाल्यात प्रत्येकाने आपली शिदोरी आणावी आणि ती एकत्र कालवावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की काल्यात कुणाची भाकरी जाड झाली तरी चालते; येथे रूळ एक मिलिमीटर खाली गेला की सगळ्यांची गाडी घसरते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत विद्यार्थ्यांचे असे एक मंडळ १९४६ साली निघाले. त्यातील काहींना डबे रंगविण्याची व झाडे लावण्याची आवड होती. काहींचे लक्ष मात्र पटाच्या खाली, तारांच्या जंजाळात असे. टेलिफोनची जुनी उपकरणे जोडून ते सांधे व सिग्नल आपोआप चालवीत. हीच मुले पुढे संस्थेतील पहिल्या संगणकांपाशी रात्री जाऊन बसू लागली. १९६२ साली ‘स्पेसवॉर’ हा आरंभीचा संगणकीय खेळ रचणाऱ्यांत याच मंडळाचे सभासद होते. पटाखाली सरपटणाऱ्या मुलास घरच्यांनी ‘अभ्यास सोडून काय करतोस?’ असे विचारले असेलच.

आमचा मुद्दा आता घराजवळ येतो. पुण्याचे शहर सुंदर आहे, पण तेथील बऱ्याचशा गाड्या व देखावे युरोपीय धाटणीचे आहेत. आपल्या आदिलाबादेस पूर्वी मुदखेडकडून मीटरगेज मार्ग आला. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत आपल्याच जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके सीमेपलीकडे गेले. रूळ मात्र दोन्हीकडच्या माणसांना जोडीत राहिला. मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट, आदिलाबाद हा क्रम आपल्या आजोबांना पाढ्यासारखा येतो. या शतकाच्या पहिल्या दशकात त्या मार्गाची ब्रॉडगेज झाली. नवी गाडी मोठी आहे, सोयीची आहे, यात संशय नाही. पण लहान इंजिने, अरुंद डबे, जुनी बुटकी फलाटे आता डोळ्यांपुढे नाहीत, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे. नागपूरला २००२ साली नॅरोगेजचे संग्रहालय निघाले, तेथे खरी इंजिने जपली आहेत. खरे इंजिन जपण्यास सरकार लागते. स्थानकाची प्रतिकृती करण्यास एक शाळा पुरते.

मीटरगेजला ८७ ने भागले तर साडेअकरा मिलिमीटर येतात; बारा मिलिमीटरचे रूळ या कामास चालतात. संपूर्ण मार्ग दीडशे किलोमीटरहून अधिक आहे, म्हणजे प्रमाणात तो पावणेदोन किलोमीटर होईल. तो विचार सोडावा. एका वर्गाने एक स्थानक घ्यावे, प्रत्येकी एक मेज. किनवटच्या मेजावर सागाचे रान, आदिलाबादच्या मेजावर कापसाचा बाजार. कापूस तर खराच मिळेल. आणि कारागिरी शिकण्यास परदेशी जावे लागणार नाही. २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या निर्मळ गावचे कारागीर पोनकीच्या हलक्या लाकडाची फळे-पाखरे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लुकणाने ते सांधे असे बुजवितात की जोड दिसत नाही. डब्याची कूस आणि स्थानकाची भिंत यांना याहून उत्तम साहित्य कोणते? छपरास वह्यांचे पुठ्ठे, कुंपणास झाडूच्या काड्या, गवतास रंगविलेला भुसा चालेल. विकत घ्यावयाचे ते फक्त रूळ, मोटार व वीज उतरविणारे यंत्र.

सर्वांत अवघड भाग मात्र बाजारात मिळत नाही. फलाटावर चिंचेचे झाड कोणत्या बाजूस होते? पाण्याची टाकी दगडी की लोखंडी? नावाच्या पाटीवर लिपी किती आणि कोणत्या क्रमाने? तिकिटाची खिडकी जमिनीपासून किती उंच? याची उत्तरे निवृत्त सांधेवाले, हमाल, फाटकवाले आणि रोज त्या गाडीने शाळेस गेलेली माणसे यांच्याजवळ आहेत, आणि तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी अशा अनेक बोलींत आहेत. विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर तिसऱ्यास विचारावे, घरोघरच्या जुन्या छायाचित्रांत मागे दिसणारी भिंत न्याहाळावी आणि मापे ठरल्यावरच करवत हाती घ्यावी. आरंभ किनवटपासून करणे बरे. तेथील जुनी माणसे बोलण्यास उत्सुक असतात आणि चहा पाजल्यावाचून सोडीत नाहीत.