आधी अदमास, मग गुणाकार

चि. मुक्ता हिस,


पत्र मिळालं. पाचवीला अपूर्णांकांचा लहानमोठेपणा शिकवायला घेतलास आणि निम्मा वर्ग १/५ हा १/३ पेक्षा मोठा म्हणाला, याचं तुला वाईट वाटलं. वाटून घेऊ नकोस. पाच हे तीनहून मोठे, हेच ती पोरं पहिलीपासून म्हणत आली आहेत. छेद वाढला की वाटा लहान होतो, हे अंगवळणी पडायला दिवस लागणारच.

पण एवढं माझं ऐक: तिरकस गुणाकार इतक्यात शिकवू नकोस. तो मुलांना चटकन येतो, पेपरात गुणही मिळतात, आणि अपूर्णांक केवढा आहे हे बघायचं मात्र राहूनच जातं.

सुरुवात कागदाच्या पट्ट्यांनी कर. फळ्यावर वर्तुळं नकोत. त्यांचे पाच किंवा सात सारखे भाग हाताने नीट पडत नाहीत, आणि चित्र चुकलं की मूलही चुकतं. पट्ट्या सारख्या लांबीच्या का, ते मुलांकडूनच काढून घे. मोठ्या भाकरीची चतकोर छोट्या भाकरीच्या अर्ध्याहून जास्त भरू शकते, हे त्यांना घरून माहीत असतं. पाव, अर्धा, पाऊण हा चढता क्रमही ती दुकानातून शिकूनच आलेली असतात.

मग अर्ध्याशी ताडून बघायला लाव. ३/७ मोठा की ५/९? सातातले साडेतीन म्हणजे अर्धा, म्हणून ३/७ अर्ध्याच्या आत. नवातले साडेचार म्हणजे अर्धा, म्हणून ५/९ अर्ध्याच्या पुढे. पाटीला हात लावावाच लागत नाही.

आता खरी कसोटी. ३/५ आणि ५/७ दे. कुणीतरी म्हणेल, ‘दोन्हींत दोनच कमी, म्हणून सारखे.’ त्या मुलाला ‘चूक’ म्हणून खाली बसवू नकोस, कारण त्याने बरोबर जागी बोट ठेवलं आहे. पूर्ण व्हायला दोन्हीकडे दोनच भाग कमी आहेत, हे खरंच आहे. त्याला एवढंच विचार, ‘ते दोन भाग केवढे?’ एकीकडे दोन पंचमांश कमी, दुसरीकडे दोन सप्तमांश. सप्तमांश लहान, म्हणून तिथली तूट लहान, म्हणून ५/७ मोठा. हे त्याच्या तोंडून येईपर्यंत थांब. तास गेला तरी जाऊ दे. इथे घालवलेला तास फुकट जात नाही, हे मी इतकी वर्षं शिकवून सांगते.

यानंतर क्रम लावायला दे: ५/६, २/५, ७/८, १/६, ४/९. समच्छेद करायला गेलं तर छेद ३६० येतो आणि अर्धा वर्ग गुणाकारातच दमतो. विचार केला तर ५/६ आणि ७/८ एकाच्या जवळचे. एक अष्टमांशाची तूट लहान, म्हणून ७/८ सर्वांत मोठा. १/६ सर्वांत लहान. २/५ म्हणजेच ४/१०, आणि दशांशापेक्षा नवमांश मोठा, म्हणून ४/९ त्याच्या पुढे. लागला क्रम.

गुणाकार हवा तो ५/७ आणि ८/११ अशा जोडीला. इथे नजर पुरत नाही. ५५/७७ आणि ५६/७७, फरक फक्त १/७७. तिरकस गुणाकारात तो ७७ लिहीत नाहीत, पण असतो. तो मुलांना दिसू दे. एकाच्या छेदाने दुसऱ्याचे अंश आणि छेद दोन्ही गुणावेत, ही रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त दिली आहे. छेदांना सामाईक अवयवाने आधी भागून घेतलं तर लहान संख्यांनी काम भागतं, हेही त्यांनी तिथेच सांगितलं आहे. लसाविच्या वेळी मुलांना ते जरूर सांग.

पुढच्या आठवड्यात १/३ आणि १/२ यांच्या मधला अपूर्णांक विचार. कुणीतरी अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ म्हणेल. बेरीज म्हणून ती रीत चूक, पण २/५ खरोखरच मधे बसतो. पट्टीवर तपासायला लाव. मग २/५ आणि १/२ यांच्या मधला विचार, मग त्याच्याही मधला. हे कुठे संपेल असं विचारल्यावर पोरं काय म्हणाली, ते मला सविस्तर लिही.

तुझी,
आत्या