जुन्या जीपचे क्राऊन-पिनियन बदलावे का? आधी हिशेब करा

बाजारहाटासाठी, माल पोहोचवण्यासाठी जुनी जीप सांभाळून असलेल्या आपल्या व्यापारी बांधवांची तक्रार एकच असते. गाडी धट्टीकट्टी आहे, ओढते चांगली, पण जालना रोडवर किंवा समृद्धी महामार्गावर ऐंशीला गेली की इंजिन किंचाळते आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मिस्त्री सांगतो, "पिनियन बदलून टाका, आवाज बसेल." सल्ला खोटा नाही. मात्र तो सर्वांच्या धंद्याला मानवणारा नाही, आणि पैसे मोजण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडलेला बरा.

दोष इंजिनाचा नाही. अमेरिकेत १९५३ साली आलेल्या विलीज सी.जे. ३ बी या जीपला पिनियनचे दात ८ आणि क्राऊनचे ४३ असत, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे जवळपास ५.३८ फेरे. शेत, चिखल आणि चढ यांसाठी हे गणित उत्तम होते. तीच जात आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षे बनवली. (जाता जाता, १९४५ साली या कंपनीची स्थापना 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने झाली होती. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले.) सहापदरी रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने धावणे हे या गाडीच्या नशिबी लिहिलेलेच नव्हते.

आपल्या गाडीत कोणते दात आहेत हे तोंडी माहितीवर मानू नका. जुन्या गाडीत मागच्या मालकाने काय बसवले असेल याचा भरवसा नसतो. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि मागचे एकच चाक जॅकवर उचला. प्रॉपेलर शाफ्टला खडूची खूण करून उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा. एक चाक जमिनीवर अडलेले असल्याने दोन फेरे लागतात. शाफ्ट सव्वापाचपेक्षा थोडा जास्त फिरला तर ५.३८ चा जोड, पाचला किंचित कमी पडला तर ४.८८ चा (८ ला ३९) आणि सव्वाचार फिरला तर ४.२७ चा (११ ला ४७).

आता टायरवर व जमिनीवर खूण करून गाडी एक फेरा ढकला आणि अंतर टेपने मोजा. ६.००-१६ च्या टायरला ते सुमारे २.२ मीटर भरते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, अर्थात चाकाचे ६०६ फेरे. टॉप गिअर सरळ असेल, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट बरोबरीने फिरत असतील, तर ५.३८ च्या जोडाने इंजिनाचे मिनिटाला ३२६० फेरे होतात, ४.८८ ने २९६० आणि ४.२७ ने २५९०. पद्मिनी असो वा अॅम्बेसेडर, आकडे बदलतील, रीत हीच.

पाचव्या हिश्शाने फेरे उतरले हे ऐकून मन खूश होते. पण चाकावर येणारी ओढही तेवढीच उतरते, आणि ती फक्त टॉपमध्ये नव्हे, पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्येसुद्धा. चाळीसगावहून माल भरून कन्नडचा घाट चढणाऱ्याला हे लगेच कळेल. जिथे दुसऱ्या गिअरवर गाडी चढत होती तिथे पहिला टाकावा लागेल, क्लच जळेल, पाणी तापेल. माझ्या मते लोड घेऊन घाटाने जाणाऱ्याने ५.३८ ला हात लावू नये, फार तर ४.८८ वर थांबावे. ४.२७ रिकाम्या किंवा हलक्या गाडीने सपाट रस्त्यावर फिरणाऱ्यासाठी.

दुसरा मार्ग पाच गिअरच्या गिअरबॉक्सचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अॅम्बेसेडरला इसुझू इंजिनाबरोबर पाच गिअर मिळाले, ते याच गरजेतून. समजा पाचवा गिअर ०.८५ चा आहे. तर वरचे ३२६० फेरे २७७० वर येतात, आणि पहिला गिअर नीट निवडला तर घाटाची ताकद शाबूत राहते. खर्च मात्र वाढतो. शाफ्टची लांबी बदलते, तो कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो, गिअरबॉक्सचे माउंटिंग लेथवर बनवावे लागते. मोठे टायर घालणे हा स्वस्त उपाय म्हणून सांगतात, पण स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक कमी पडतात.

एक गोष्ट मिस्त्री बहुधा सांगत नाहीत. या जीपचे स्पीडोमीटर डिफरन्शियलच्या अलीकडून फिरते. ५.३८ चा जोड काढून ४.२७ चा बसवल्यावर खरा वेग ८० असताना काटा ६३-६४ दाखवेल. चलान आले तर आश्चर्य नको. किलोमीटरही त्याच प्रमाणात कमी मोजले जातात, १०० चे ७९. मग डिझेलचा हिशेब करणारा शेठ म्हणतो, खर्च करूनही अॅव्हरेज घसरला! रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजून हिशेब करा. आणि फेरे वीस टक्के उतरले म्हणून डिझेल वीस टक्के वाचणार नाही. वाऱ्याचा अडथळा तेवढाच असतो.

हे काम घेणाऱ्या कारागिरांनीही काही गोष्टी पाळाव्यात. फोर-व्हील जीपला पुढचा आणि मागचा जोड सारखाच हवा, नाहीतर कोरड्या रस्त्यावर पुढची चाके जोडताच ट्रान्सफर केसवर संकट येते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोन जोडांचे तुकडे एकत्र बसवू नयेत. शिम टाकून दातांतली ढिलाई मोजावी, दातांना रंग लावून घासणीची खूण कुठे उमटते ते पाहावे. बिलावर दातांची संख्या लिहून द्यावी. सुरुवातीचे वीस-तीस किलोमीटर सावकाश चालवून हौसिंगला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर जोड घट्ट बसला आहे, पुन्हा उघडावा. काही दिवसांनी ते पहिले तेल काढून नवे इ.पी. ९० भरावे.

समृद्धीवर कारला १२० ची मुभा असली तरी आपले ड्रम ब्रेक जुन्या काळचेच आहेत. इंजिन शांत झाले म्हणून ऐंशीच्या वर जाऊ नये.