मेंदूतील रक्तस्रावानंतर : रुग्ण किती बरा झाला?

मेंदूतील रक्तवाहिनी फुटून आजारी पडलेला मनुष्य रुग्णालयातून चालत घरी आला, की तो बरा झाला अशी सर्वसाधारण समजूत असते. जीव वाचला ही मोठीच गोष्ट होय. परंतु प्रकृती कितपत पूर्ववत झाली, हे केवळ चालण्याबोलण्यावरून ठरत नाही. ते ठरविण्यासाठी वैद्यकशास्त्राने काही मोजमापे तयार केली आहेत. ती काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे रुग्णाच्या कुटुंबीयांनी व वरिष्ठांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.

शुद्धी व स्वावलंबन

आरंभी प्रश्न असतो तो शुद्धीचा. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली त्यासाठी एक श्रेणी तयार केली. डोळे उघडण्यास जास्तीत जास्त ४, बोलण्यास ५ व हालचालीस ६ गुण. पूर्ण शुद्धीवर असलेल्यास १५ गुण मिळतात. किमान गुण ३.

पुढे पाहावयाचे ते स्वावलंबन. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या बार्थेल निर्देशांकात जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, जिना चढणे अशा दहा क्रियांना मिळून १०० गुण आहेत. मात्र १०० गुण मिळविणारा रुग्ण एकट्याने घर चालवू शकेलच असे नाही, हे तो तयार करणाऱ्यांनीच बजावून ठेवले आहे.

सुधारित रँकिन श्रेणी शून्यापासून सहापर्यंत असते. शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही. सहा म्हणजे मृत्यू. पहिल्या पायरीवरील रुग्णास काही लक्षणे असतात, पण नेहमीची कामे जमतात. दुसऱ्या पायरीवरील रुग्ण स्वतःचे पाहू शकतो, पण पूर्वीची सर्व कामे करू शकत नाही. अभ्यासकांच्या पाहणीत पुष्कळदा या दोन्ही पायऱ्या ‘चांगला परिणाम’ या सदरातच मोडतात.

न दिसणारी लक्षणे

नेमके येथेच दुर्लक्ष होते. लवकर येणारा थकवा, विस्मरण, लक्ष न लागणे, झोपेची तक्रार, डोकेदुखी, गोंगाट सहन न होणे, चिडचिड व उदासीनता ही लक्षणे कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. वर्गात उभे राहून शिकविणारा शिक्षक दुपारनंतर वह्या तपासू शकत नाही. हिशेब लिहिणारा कारकून तीच बेरीज तीनदा करतो. लोक त्यास आळशी म्हणतात, आणि हळूहळू तो स्वतःही तसेच मानू लागतो. वस्तुतः तो थकवा आजाराचाच भाग असतो.

कुटुंबीयांनी काय करावे?

आठवड्यातून एकदा साध्या वहीत नोंद ठेवावी : झोप किती, काम किती वेळ जमले, काय विसरले, मन कसे होते. तपासणीच्या वेळी ती वही डॉक्टरांना दाखवावी. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, नंतरही ती मंद गतीने चालू राहते. म्हणून एकाच तपासणीवर निष्कर्ष काढू नये. चाल मंदावणे, लघवीवरील ताबा जाणे व विस्मरण वाढणे ही लक्षणे दिसल्यास मेंदूत पाणी साठल्याची शक्यता असते व त्यावर उपचार होऊ शकतो. अचानक तीव्र डोकेदुखी, फिट येणे, हातपाय लुळे पडणे किंवा गुंगी वाढणे असे घडल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

कार्यालयप्रमुखांसाठी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास सेवेतून काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर त्याची नेमणूक करावयाची असते. आरंभी काही आठवडे कामाचे तास कमी ठेवून ते क्रमाक्रमाने वाढविणे रुग्णाच्या व कार्यालयाच्याही हिताचे ठरते.

रुग्णालयातील गुण रुग्णाच्या एका दिवसाची स्थिती सांगतात. पुढील वर्षभराची स्थिती त्याच्या घरच्या माणसांना व सहकाऱ्यांनाच दिसते; त्यांनी ती पाहिली व सांगितली, तरच उपचार पुरा होतो.