बाबेलातील घरे आणि अनाथोथाचे शेत

वाचावयाचा शास्त्रभाग : यिर्मया २८, २९.१–१४, ३२.६–२५

उद्याची चिंता करू नये, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले, हे आपल्या मंडळ्यांतील लहान मुलेही जाणतात. परंतु त्या शिक्षणाचा आधार घेऊन कोणी बियाणेही राखून ठेवीत नाही. उलट कोणी पुढील सुखाच्या आशेवर आजचे काम टाकून बसतो. या दोहोंविषयी यिर्मया संदेष्ट्याच्या चरित्रात जो बोध आहे, तो आज आपण पाहू.

ख्रिस्तपूर्व ५९७ या वर्षी बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यकन्या राजास व त्याजबरोबर सरदार, कारागीर व लोहार यांस यरुशलेमातून धरून नेले. पुढे काही वर्षांनी हनन्या नावाच्या एका संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमक्ष सांगितले की, दोन वर्षांत हे सर्व लोक परत येतील. लोकांस ते गोड वाटले असेल, यात नवल नाही. यिर्मयानेही प्रथम आमेन म्हटले, कारण त्याच्याही मनाची इच्छा तीच होती. परंतु देवाचे वचन निराळे होते. त्याने बाबेलातील लोकांस पत्र लिहून कळविले की, घरे बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांची फळे खा, मुलांमुलींची लग्ने करा. सत्तर वर्षे भरल्यावर परमेश्वर तुम्हांस परत आणील.

दोन वर्षांच्या आशेने कोणी आंबा लावीत नाही. आणि सत्तर वर्षे म्हणजे काय, हे पत्र ऐकणाऱ्या वडील माणसांस तत्काळ समजले असेल : आपण परत जाणार नाही, आपली नातवंडे जातील. तरी त्याच पत्रात, ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, अशीही आज्ञा आहे. शत्रूच्या नगरासाठी! आम्हांस ही आज्ञा घरे बांधण्याच्या आज्ञेहून कठीण वाटते. ऊसतोडीस किंवा मुंबईस गेलेले आपले कित्येक बांधव म्हणतात, "येथे का आपणांस कायमचे राहावयाचे आहे?" मग ते तेथील उपासनेस जात नाहीत, मुलांस शाळेत घालीत नाहीत, आणि मुलांची वर्षे तर निघून जातात.

आता दुसरी बाजू. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेमास वेढा पडला होता आणि यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तेथे त्याचा चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणाला की, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. अनाथोथ नगरापासून अवघे तीन मैल, आणि सर्व मुलूख खास्दी सैन्याने व्यापलेला. असे शेत कोण शहाणा घेईल? यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तोलून दिले. शेकेल आपल्या तोळ्याहून किंचित हलका असे. खरेदीखत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि मोहोर केलेला व उघडा असे दोन्ही लेख बारूखाने मातीच्या मडक्यात ठेवावे, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकतील, असे ठरले. व्यवहारात कोठेही ढिलाई नाही. विश्वासाच्या नावाखाली कागदपत्रांची हयगय करणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मयाने प्रार्थना केली, आणि तीत आपली अडचण मोकळेपणाने सांगितली : नगर तर शत्रूच्या हाती जात आहे, तरी, हे प्रभू, शेत घे असे तू मला सांगितलेस. शंका त्यालाही होती. परंतु तोवर रुपे मोजून झाले होते.

नगर पडले. ख्रिस्तपूर्व ५३८ मध्ये कोरेश राजाने यहूद्यांस परत जाण्याची मोकळीक दिली. ते मडके पुढे कोणी उघडले, हे शास्त्रात लिहिलेले नाही. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र परत आलेल्यांची गणती आहे. तीत अनाथोथाची माणसे १२८.